हॉहींनी आयर्लंड घडवला की लुटला?

प्रश्न असा आहे: ‘आयर्लंडचे माजी पंतप्रधान चार्ल्स हॉही यांना काहीजण आधुनिक आयर्लंडचे शिल्पकार म्हणतात, काहीजण सरळ चोर म्हणतात. तिथल्या सामान्य माणसाचं त्यांच्याबद्दल आज खरं मत काय?’

मराठी माणसाला आयर्लंडचे पंतप्रधान म्हटलं की लिओ वराडकर आठवतात, ते मालवण तालुक्यातल्या वराड गावामुळे. पण साठीच्या पुढच्या चार आयरिश माणसांत वाद पेटवायचा असेल तर वराडकरांचं नाव काढून भागत नाही, हॉहींचं काढावं लागतं. २००६ साली गेलेला माणूस, पण त्याच्यावरून आजही आवाज चढतात.

मी व्यवसायाने लेखापाल. डब्लिनच्या लिफी नदीकाठी जे आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र आहे, ज्याला सगळे आयएफएससी म्हणतात, तिथे बरीच वर्षं काम करतोय. हे केंद्र हॉहींच्या सरकारने काढलं आणि हॉही स्वतःही मुळात लेखापालच. त्यामुळे त्यांची प्रकरणं मी राजकारणापेक्षा कागदपत्रांच्या अंगाने जास्त वाचली आहेत. चौकशी आयोगांचे अहवाल आमच्या धंद्यातल्या माणसाला रहस्यकथेसारखे वाटतात. पैसा कुठल्या खात्यातून निघाला, सही कोणाची होती, कोणी बघून न बघितल्यासारखं केलं, सगळं त्यात असतं.

पहिली गोष्ट ही की हॉहींनी काय केलं याबद्दल आता फारसे मतभेद नाहीत. पैसे घेतले हे त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत. १९९७ च्या मॅक्रॅकन आयोगाने आणि २००६ च्या मोरिआर्टी आयोगाने ते कागदोपत्री सिद्ध केलं. १९७९ ते १९९६ या काळात त्यांच्याकडे ९० लाखांहून जास्त आयरिश पौंड बाहेरून आले असा मोरिआर्टींचा हिशेब आहे. वाद आहे तो या आकड्याचं करायचं काय, याचा. आपल्याकडे ‘खाल्लं, पण कामही केलं’ असं म्हणून फाईल बंद करायची जी पद्धत आहे, ती तिथेही आहे. हॉहींच्या बाबतीत मात्र ती फाईल काही केल्या बंद होत नाही.

आधी माणूस कोण ते पाहू, नाहीतर राग आणि लोभ दोन्ही कळणार नाहीत. जन्म १९२५, मेयो परगण्यातल्या कॅसलबारला. वडील लष्करात अधिकारी होते, पण दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले, आणि कुटुंब उत्तर डब्लिनच्या डॉनीकार्नी भागात ओढगस्तीत राहिलं. मुलगा हुशार. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, वकिलीही शिकला, मित्राबरोबर लेखापालांची पेढी काढली. १९५१ मध्ये शॉन लेमास यांच्या मुलीशी लग्न झालं. लेमास पुढे पंतप्रधान झाले, म्हणजे सासराही तालेवार. १९५७ मध्ये हॉही खासदार झाले आणि १९६१ मध्ये न्यायमंत्री. साठच्या दशकातला हा तरुण मंत्री कामाला वाघ होता, हे विरोधकसुद्धा मान्य करतात.

त्या काळातल्या तीन कामांचा उल्लेख करायलाच हवा. एक, वारसा कायदा. तोपर्यंत आयरिश शेतकऱ्याने मृत्युपत्र करून सगळी जमीन मुलाला किंवा पुतण्याला दिली, तर बायकोच्या हातात काही उरेलच याची खात्री नव्हती. न्यायमंत्री म्हणून हॉहींनी विधेयक आणलं, १९६५ मध्ये कायदा झाला, आणि नवऱ्याच्या इस्टेटीत विधवेचा कायदेशीर वाटा ठरला: मुलं असतील तर एक तृतीयांश, नसतील तर अर्धा. दोन, १९६९ ची कलावंतांसाठीची करमाफी, म्हणजे लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या सर्जनशील कामाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. (नंतर त्यावर मर्यादा आली, पण सवलत अजून आहे.) आणि तीन, १९६७ चा पेन्शनरांचा मोफत प्रवास.

या तिसऱ्या गोष्टीपाशी जरा थांबतो, कारण जनमत समजून घ्यायचं तर ते इथून सुरू होतं. आयर्लंडमध्ये ६६ वर्षं पूर्ण झालेल्या रहिवाशाला बस, लोकल आणि देशभरातली रेल्वे फुकट. कोणत्याही कामाच्या दिवशी दुपारी डब्लिनहून गॉलवेला जाणाऱ्या गाडीत बसलात तर डब्यात निम्मे प्रवासी आजी-आजोबा दिसतील. लेकीकडे दोन दिवस, बहिणीकडे एक दिवस, नाहीतर नुसतं समुद्र बघून संध्याकाळी परत. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढणारी इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी योजना मला दुसरी माहीत नाही. आणि हा पास खिशातून काढताना हॉहींचं नाव आजही घेतलं जातं. माझ्या एका आयरिश सहकाऱ्याची आई हॉहींना ‘तो भामटा’ म्हणते आणि पुढच्याच श्वासात ‘पण हा पास त्यानेच दिला हो’ म्हणते. तिला या दोन वाक्यांत विसंगती वाटत नाही.

आता दुसरी बाजू. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ‘पैसे खाल्ले’ एवढंच म्हटलं तर आयरिश लोकांचा राग नेमका कशाबद्दल आहे ते निसटतं.

डिसेंबर १९७९ मध्ये हॉही पंतप्रधान झाले. ९ जानेवारी १९८० रोजी त्यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केलं. देशाची अवस्था बिकट होती, कर्ज वाढत होतं. कॅमेऱ्याकडे रोखून बघत ते म्हणाले की एक समाज म्हणून आपण आपल्या ऐपतीच्या फार बाहेर जगत आहोत. हे भाषण आजही शाळकरी मुलांनासुद्धा माहीत आहे, कारण चित्रफीत पुन्हापुन्हा दाखवली जाते. त्या क्षणी बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर अलाइड आयरिश बँकेचं ११ लाख ४० हजार पौंडांचं कर्ज होतं. भाषण झालं त्याच सुमारास ते कर्ज मिटवलं जात होतं. साडेसात लाख भरले गेले, तेही इतरांच्या पैशांतून, आणि उरलेल्यावर बँकेने जवळजवळ पाणी सोडलं. एक लाख दहा हजारांची रक्कम ‘इभ्रतीचं कर्ज’ म्हणून कागदावर ठेवली, ती कधीच फेडली गेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

भाषणानंतर दोन आठवड्यांच्या आत, २२ जानेवारीला, पगारदार करदात्यांनी देशभर मोर्चे काढले. आयर्लंडच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या मोर्चांपैकी ते एक. त्यांची तक्रार साधी होती: आमचा कर पगारातून परस्पर कापला जातो, आणि बडे शेतकरी, धंदेवाले, वकील-डॉक्टर मात्र मोकळे सुटतात. त्या मोर्चातल्या लोकांना तेव्हा बँकेतलं प्रकरण माहीत नव्हतं. १९९७ नंतर ते कळलं, तेव्हा ती माणसं पन्नाशी-साठीत होती. १९८० ला त्यांनी पट्टा आवळला होता आणि सांगणाऱ्याने आवळला नव्हता, हे त्यांना सतरा वर्षांनी समजलं. हॉहींवरचा सर्वांत खोल राग या पिढीचा आहे, आणि मला तो पूर्ण समजतो.

बँकेची कागदपत्रं तर वाचण्यासारखी आहेत. सत्तरच्या दशकात बँकेच्या अधिकाऱ्यांनी हॉहींना बोलावून चेकबुकं परत मागितली. तुमच्या-माझ्या बाबतीत बँक हे पहिल्या काही हजारांवरच करते. हॉही भडकले. मला जगायचं आहे, चेकबुकं देणार नाही, म्हणाले. आणि मी फार त्रासदायक शत्रू ठरू शकतो, अशी जाणीवही करून दिली. हे सगळं अधिकाऱ्याने इमानदारीने टिपणात लिहून ठेवलं आहे. पंतप्रधान झाल्यावर त्याच बँकेच्या वरिष्ठाने त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. १९८३ मध्ये एका सांजदैनिकाने हे कर्ज दहा लाखांच्या घरात असल्याची बातमी दिली, तेव्हा बँकेने खास निवेदन काढून ती बातमी धादांत चुकीची ठरवली. बातमी मूलतः खरी होती. ग्राहकाबद्दल न बोलणं हा बँकेचा धर्म असतो, पण न बोलणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं.

पैसा यायचा कसा, तेही थोडक्यात सांगतो. डेस ट्रेनॉर नावाचे गृहस्थ हॉहींच्या जुन्या पेढीत उमेदवारी केलेले, पुढे एका खासगी बँकेचे कर्तेधर्ते आणि एका बड्या कंपनीचे अध्यक्ष. हॉहींच्या घरची बिलं जुन्या पेढीत जायची, पेढीतला कारकून चेक लिहायचा, आणि त्या खात्यात पैसे कमी पडले की ट्रेनॉर भरायचे. ट्रेनॉर श्रीमंत आयरिश मंडळींचा पैसा केमन बेटांवर, म्हणजे कॅरिबियनमधल्या करमुक्त आडोशाला, ठेवायचे. खरं तर तो पैसा फिरून डब्लिनच्याच बँकेत पडलेला असायचा; फक्त नावांच्या जागी सांकेतिक अक्षरं असायची. ट्रेनॉर १९९४ मध्ये वारले, म्हणून आयोगासमोर बरीचशी उत्तरं मिळालीच नाहीत. हॉहींनी तर हिशेबाचं सगळं ट्रेनॉर बघायचे, मला काही ठाऊक नाही, अशीच भूमिका घेतली. स्वतः लेखापाल असलेल्या माणसाने असं म्हणावं यावर आमच्या धंद्यात अजून विनोद होतात.

१९८७ मध्ये ट्रेनॉर हॉहींसाठी सहा-सात धनिकांकडून पैसे जमवायला निघाले. सुपरमार्केटच्या साखळीचे मालक बेन डन यांना विचारणा झाली, तेव्हा ते म्हणाले की येशूने बारा शिष्य निवडले आणि त्यातल्या एकाने त्याला सुळावर चढवलं, तेव्हा इतक्या लोकांना सांगण्यापेक्षा सगळे मीच देतो. एकूण तेरा लाख पौंड दिले. शेवटच्या एका भेटीत, १९९१ मध्ये, डन यांनी खिशातून ७० हजारांचे तीन ड्राफ्ट काढून हॉहींच्या हातात ठेवले. हॉही म्हणाले, ‘थँक्स अ मिलियन, बिग फेला.’ हे वाक्य आयर्लंडमध्ये म्हणीसारखं झालं आहे. कोणी चहाचे पैसे दिले तरी हसत ऐकवतात.

पण, आणि हा माझ्या मते कळीचा भाग आहे, हॉहींची श्रीमंती लपलेली कधीच नव्हती. किन्सिलीतला ॲबव्हिल हा अठराव्या शतकातला महाल, भोवती अडीचशे एकरांवर जमीन, केरीच्या किनाऱ्यापलीकडे इनिशविकिलॉन हे स्वतःच्या मालकीचं बेट, शिडाची नौका, शर्यतीचे घोडे, पॅरिसच्या शार्वेकडून शिवून आणलेले शर्ट. मंत्र्याच्या पगारात हे बसत नाही, हे कळायला लेखापाल लागत नाही. आणि तरी उत्तर डब्लिनमधल्या त्यांच्या मतदारसंघात ते निवडणुकीमागून निवडणूक भरघोस मतांनी जिंकत राहिले. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ हे लोकांनी गृहीतच धरलं होतं. कदाचित त्याहून पुढचं: आपल्या डॉनीकार्नीचा पोरगा इंग्रज सरदारासारखा घोड्यावर बसतो, याचं त्यांना अप्रूप होतं.

दुसरं असं की पाणी चाखणारे ते एकटे नव्हते. ऐंशीच्या दशकात आयर्लंडमध्ये ठेवींच्या व्याजावरचा कर चुकवण्यासाठी लोक बँकेत ‘अनिवासी’ म्हणून खातं उघडत. पत्ता लंडनचा किंवा बॉस्टनचा, माणूस मात्र गावातलाच, रविवारी बँक मॅनेजरच्या शेजारी बसून चर्चमध्ये प्रार्थना करणारा. शाखेत सगळ्यांना ठाऊक असायचं. १९९९ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने हे बाहेर काढलं. २००० साली एकट्या अलाइड आयरिश बँकेला ९ कोटी पौंड भरावे लागले, आणि मग महसूल खातं एकेका खातेदाराच्या मागे लागलं. शेतकरी, दुकानदार, निवृत्त शिक्षक, सगळे त्यात होते. म्हणून एका विशिष्ट वयाच्या आयरिश माणसाशी हॉहींबद्दल बोलताना तुम्हाला एक चमत्कारिक गप्पपणा जाणवेल. तो हॉहींना शिव्या देतो, पण मध्येच अडखळतो. त्याच्या वडिलांचंही एक खातं होतं.

हा सगळा हिशेब काही अंशी माफ करणारे लोकही एका गोष्टीपाशी थांबतात, ती ब्रायन लेनिहान यांच्या यकृताची. लेनिहान हे हॉहींचे जुने सहकारी, मंत्री, पक्षात सगळ्यांचे लाडके. १९८९ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेत मेयो क्लिनिकला यकृतारोपण करायचं ठरलं. हॉहींनी खर्चासाठी वर्गणी गोळा केली. मोरिआर्टी आयोगाच्या निष्कर्षानुसार अडीच लाख पौंडांहून जास्त जमले असावेत, आणि उपचारावर ७० हजारांहून जास्त खर्च झाले नाहीत. उरलेल्यातला बराच मोठा हिस्सा हॉहींच्या खासगी खर्चात गेला. आपल्याकडे अशा माणसाला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणतात. इथे तर माणूस जिवंत होता, ऑपरेशन टेबलावर. आणि पुढच्याच वर्षी, लेनिहान स्वतः उमेदवार असलेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ऐन रंगात असताना, आघाडीतला भागीदार पक्ष अडून बसला म्हणून हॉहींनी त्याच लेनिहान यांना मंत्रिमंडळातून काढलं.

हॉहींच्या पक्षाच्या, फियाना फॉलच्या, कट्टर घराण्यातल्या माणसांनाही मी हा विषय निघाल्यावर मान खाली घालताना पाहिलं आहे. डनचे पैसे हा त्यांच्या लेखी श्रीमंताने श्रीमंताला दिलेला नजराणा. वर्गणीतून खाणं हा वेगळाच प्रकार. माझंही मत तेच. आकड्यात बघाल तर ही रक्कम एकूण घबाडाच्या मानाने किरकोळ आहे, पण लोकांचा न्याय आकड्यांवर चालत नाही.

फोन टॅपिंग आणि १९८२ सालचं प्रकरण मी लवकर आटोपतो. त्या वर्षी एक खुनी चक्क महाधिवक्त्याच्या फ्लॅटमध्ये सापडला, दोन पत्रकारांचे फोन सरकारने चोरून ऐकले, आणि पक्षात बंडामागून बंड झालं. १९९२ मध्ये त्यांच्याच माजी न्यायमंत्र्याने, टॅपिंगचं हॉहींना ठाऊक होतं असं जाहीर सांगितलं आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. १९७० च्या शस्त्रप्रकरणाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिकांसाठी चोरून शस्त्रं आणल्याच्या आरोपावरून त्यांना अर्थमंत्रिपदावरून काढलं, खटला झाला, ते निर्दोष सुटले. सरकारातल्या इतरांना काय माहीत होतं यावर आजही भांडणं होतात. सीमेलगतच्या परगण्यांत त्यांच्याबद्दल आपुलकी आहे ती याच्यामुळे, बसच्या पासामुळे नव्हे. आणि उत्तर आयर्लंडच्या युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या, समाजात नावही नको ते याच्यामुळेच.

आता ‘शिल्पकार’ या दाव्याकडे येतो. तो मुख्यतः १९८७ ते १९९२ या कारकिर्दीबद्दल आहे. १९८७ मध्ये बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास होती, शिकलेली पोरं दर आठवड्याला बोटीत बसून इंग्लंडला जात होती. हॉहींच्या पक्षाची निवडणुकीतली जाहिरात होती की आरोग्यखर्चातली कपात म्हातारे, आजारी आणि अपंग यांना दुखावते. निवडून आल्यावर त्यांनीच कपात केली, तीही आधीच्या सरकारपेक्षा कठोर. खाटा कमी झाल्या, वॉर्ड बंद पडले. पण त्याबरोबर कामगार संघटना, मालक आणि शेतकरी यांना एका टेबलाशी बसवून ऑक्टोबर १९८७ मध्ये तीन वर्षांचा राष्ट्रीय करार केला: पगारवाढ माफक, बदल्यात करात सवलत. संप कमी झाले, गुंतवणूकदाराला भरवसा आला. आणि पडीक झालेल्या कस्टम हाऊसच्या गोदीवर दहा टक्के कराचं आमिष दाखवून आयएफएससी उभं केलं. माझी रोजीरोटी त्यावर चालते, मी ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. आज या आवारात पुण्या-मुंबईकडची इतकी मंडळी आहेत की दुपारच्या जेवणाला मराठी कानावर पडते.

तरीही श्रेयाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. कात्री चालवली ती अर्थमंत्री रे मॅकशॅरी यांनी. विरोधी पक्षनेते ॲलन ड्यूक्स यांनी देशहित म्हणून सरकार पाडायला नकार दिला आणि त्या बदल्यात स्वतःचं नेतेपद गमावलं. त्यांचा पुतळा कुठे नाही. आयएफएससीची कल्पना बाहेरून आली, हॉहींनी ती उचलली. युरोपचा निधी आणि एकल बाजारपेठ यांचा वाटा तर आहेच. हॉहींचं कर्तृत्व हे की चांगली कल्पना कोणाची का असेना, त्यांच्यापुढे ठेवली की सरकारी यंत्रणा महिन्याभरात हलायची. प्रशासनात काम केलेले जुने लोक याबद्दल आजही हळहळतात. ‘निर्णय घ्यायचा तो’ हे वाक्य मी त्यांच्या शत्रूंच्या तोंडूनही ऐकलंय. आणि राजेशाही थाट होताच. सरकारी इमारतीचं नूतनीकरण त्यांनी इतक्या दिमाखात केलं की डब्लिनकरांनी ताजमहालावरून तिला ‘चॅस महाल’ (चॅस म्हणजे चार्ल्सचं लघुरूप) म्हणायला सुरुवात केली. इमारत मात्र खरोखर देखणी आहे, शनिवारी बाहेरून पाहून या.

मतं प्रदेशानुसारही बदलतात. केरीतल्या डिंगल गावात त्यांचा पुतळा आहे. तिथली बोटींची गोदी झाली ती त्यांच्यामुळे, आणि उन्हाळ्यात ते बेटावर यायचे तेव्हा कोळ्यांशी आयरिश भाषेत गप्पा मारायचे. तिथे कोणाला आयोगाचे आकडे ऐकवून बघा, तोंडावर दार लावतील. दक्षिण डब्लिनच्या डॉक्टर-वकिलांच्या वस्तीत उलट. तिथला हॉहीद्वेष पैशांपेक्षा जुना आहे. त्यात थोडा वर्गाभिमान आहे, हे मी स्पष्टच म्हणतो. त्याच क्लबांतल्या काही मंडळींची नावंही केमन बेटांच्या यादीत निघाली, तेव्हा तिथे फारशी कोणी नैतिकतेची प्रवचनं दिली नाहीत.

बायकांचं मत आणखी वेगळं ऐकायला मिळतं. वारसा कायदा त्यांनी आणला, हे एक. पण १९७९ मध्ये आरोग्यमंत्री म्हणून त्यांनीच गर्भनिरोधकं फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि ‘प्रामाणिक कुटुंबनियोजनासाठी’ मिळतील असा कायदा केला, आणि त्याला ‘आयरिश प्रश्नावरचं आयरिश उत्तर’ म्हटलं. ती चिठ्ठी मागायला गावातल्या ओळखीच्या डॉक्टरपुढे बसलेल्या बायका आज सत्तरीत आहेत. १९९९ मध्ये एका स्तंभलेखिकेने हॉहींशी आपले २७ वर्षांचे संबंध होते असं टीव्हीवर सांगितलं, तेव्हा या बायकांनी काय म्हटलं असेल ते मी लिहीत नाही.

२००६ च्या जूनमध्ये हॉही गेले. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी कबरीपाशी त्यांना नखशिखांत देशभक्त म्हटलं. हे अहर्न म्हणजे पक्षनेत्याच्या भत्त्याच्या खात्याचे कोरे चेक हॉहींना सही करून देणारे. त्याच खात्यातून शार्वेच्या शर्टांचे पैसे गेले होते. रस्त्यावर अपेक्षेइतकी गर्दी झाली नाही. मला वाटतं, त्या दिवसाने जनमत अचूक दाखवलं: ज्यांना यायचं होतं ते डोळे पुसत आले, बाकीच्यांनी घरी टीव्हीवर पाहिलं. सहा महिन्यांनी मोरिआर्टींचा अहवाल आला. काटकसरीचे धडे देणाऱ्या पंतप्रधानाने एवढा पैसा घेतल्याने लोकशाहीचा दर्जाच खालावला, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

मग २००८ ची मंदी आली, बँका कोसळल्या, २०१० मध्ये देशाला युरोप आणि नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. इथे हॉहींच्या प्रतिमेत एक गमतीशीर बदल झाला. ‘त्याने लाखांत खाल्लं, यांनी अब्जांत बुडवलं’ असं लोक म्हणू लागले. हा युक्तिवाद मला पटत नाही. बँकांना जाब न विचारण्याची सवय आयर्लंडला आकाशातून पडून लागली नाही, आणि पंतप्रधानाचं कर्ज असं मिटवून देणारी बँक कोणत्या काळातली होती ते वर सांगितलंच आहे. तिशीच्या आतल्या मुलांना यातलं काहीच जवळचं नाही. त्यांच्यासाठी हॉही म्हणजे मालिकेतलं एक पात्र आणि शाळेतला एक धडा. त्यांची भांडणं घरभाड्यावरून आहेत.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर लेखापालाचंच आहे. येणं आणि देणं एकमेकांत वळतं करून फक्त शिल्लक दाखवायला आमच्या शास्त्रात सहसा मनाई आहे, दोन्ही बाजू पूर्ण मांडाव्या लागतात. बसचा पास खरा आहे, लेनिहान यांची वर्गणीही खरी आहे, आणि एक दुसऱ्यातून वजा होत नाही. बरेच आयरिश लोक न शिकता नेमकं हेच करतात.

शिक्षा झाली का, असंही कोणीतरी विचारेल. तुरुंगवास झाला नाही. आयोगाच्या कामात अडथळा आणल्याचा खटला होता, पण उपपंतप्रधानांनीच त्यांना तुरुंगात टाकायला हवं असं एका मुलाखतीत म्हटलं. मग निष्पक्ष ज्युरी मिळणार नाही म्हणून न्यायाधीशांनी २००० साली तो बेमुदत पुढे ढकलला. महसूल खात्याशी मात्र तडजोड करून हॉहींना ६० लाख युरोंहून जास्त भरावे लागले. २००३ मध्ये ॲबव्हिल साडेचार कोटी युरोंना एका बिल्डरला विकलं, तेव्हा जमिनीचे भाव कळसाला चालले होते. म्हणजे देणं भागवूनही गाठीशी भरपूर उरलं.

आमच्या धंद्यावर जे आलं ते मात्र कायमचं आहे. हॉहींचं प्रकरण, केमनची खाती आणि अनिवासी ठेवी यांच्या चौकश्यांनंतर २००१ च्या कायद्याने कंपनी कायदा राबवणारं वेगळं कार्यालय आलं, आणि लेखापरीक्षकाला गंभीर गुन्ह्याचा संशय आला तर तो कळवणं बंधनकारक झालं. ग्राहक कितीही मोठा असो. पुढे लेखापालांच्या संस्थांवर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणाही आली. भारतातून नवीन आलेली आमची पोरं विचारतात की इतके फॉर्म कशाला, इतक्या खातरजमा कशाला. मी त्यांना डेस ट्रेनॉर यांची गोष्ट सांगतो आणि फॉर्म पुढे सरकवतो.